पाच तारखेचा भरणा

तलासरी
१२ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
सा. न.

आठ वर्षं झाली तरी हा मायना बदलायला हात होत नाही. तुमच्या मुलाची बायको मी राहिले नाही, पण तुम्हाला दुसरं काय म्हणायचं हे मला कुणी सांगितलं नाही, कोर्टानेही नाही. फोन केला असता, पण तुम्ही कानातलं मशीन कपाटात ठेवता आणि मी इथे ओरडून बोलले की शेजारच्या खोलीला सगळी बातमी कळते. म्हणून संदीपच्या टेम्पोबरोबर पत्र पाठवते आहे. तो तुमचे चिकूचे क्रेट घेऊन हायवेला जाताना आमच्या सेवा केंद्रासमोरच चहाला थांबतो.

मुद्द्याचं लिहिते. पोटगी वाढवून मिळावी म्हणून मी अर्ज करते आहे. डहाणूच्या एका वकीलबाईंकडे कागद दिलेत. नोटीस भावेशच्या नावाने घोलवडच्या पत्त्यावर येईल, कारण हुकुमावर तोच पत्ता आहे. कोर्टाचा माणूस दारात उभा राहायच्या आधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, एवढंच.

२०१७ साली आम्ही दोघांनी राजीखुशीने काडीमोड घेतला तेव्हा माझे आणि किंजलचे मिळून महिना नऊ हजार ठरले. तेव्हा किंजल नऊ वर्षांची होती. आता बारावीला आहे आणि या वर्षी तिला नर्सिंगला जायचं आहे. नऊ हजार मात्र नऊच राहिले. वापीच्या कंपनीत भावेशचा पगार आठ वर्षांत वाढला नसेल असं मला वाटत नाही. तो आमचे फोन उचलत नाही. किंजलने तर करायचंही सोडलं. पण पैसे पाच तारखेला न चुकता खात्यात येतात, आणि त्या बाबतीत मी त्याला नावं ठेवणार नाही. बाकी कशात नाही तर निदान यात तो सुधारला.

तुमची तब्येत सांभाळा. अर्ज भावेशविरुद्ध आहे, तुमच्याविरुद्ध नाही.

जागृती


घोलवड
२० जानेवारी २०२५

चि. जागृतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. संदीपने ते बिलांच्या वहीत घातलं आणि चार दिवस विसरला. पोरगा चांगला आहे, पण डोकं टेम्पोतच ठेवून घरी येतो.

यंदा फळ बरं धरलंय, पण बी पोखरणारी अळी पुन्हा आली आहे. वरून चिकू साजरा दिसतो, कापला की आत भुसा. व्यापारी दहा फळं कापून बघतो आणि सगळ्या मालाचा भाव पाडतो. नोव्हेंबरात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. महिन्याच्या सुरुवातीलाच काढला आणि डॉक्टरने आठ दिवस उंबरठा ओलांडू दिला नाही. आता अक्षर कसं येतंय ते बघ. कान गेले ते गेले, निदान डोळे परत आले.

अर्जाचं वाचलं. माझं ऐकशील तर एक वर्ष थांब. भावेश बरा आहे, कामात असतो. पण कंपन्यांचे दिवस तू समजतेस तसे राहिले नाहीत. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आपण एकदा चढलो, तेवढी पुरे झाली. वीस वर्षं मी पतपेढीचा सेक्रेटरी होतो. जे खातं सुरळीत चाललंय त्याची फाइल उघडू नये, हे अनुभवाने सांगतो. उघडली की नको ते कागद बाहेर पडतात.

संदीपबरोबर टोपली पाठवतो आहे. वरचे चिकू उद्या होतील, खालचे तांदळाच्या डब्यात ठेव. किंजलला आशीर्वाद.

काशीनाथ


तलासरी
२ फेब्रुवारी २०२५

श्री. काशीनाथ चुरी यांस,
नमस्कार.

या वेळी मायना बदलला. जमला.

तुम्ही अळीबद्दल एवढं लिहिलंत आणि नातीच्या फीबद्दल एक ओळ नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे मला कळतं. मुलगा तो मुलगाच. पण एक वर्ष थांब म्हणताना ते वर्ष कुणी काढायचं ते तरी लिहायचंत. तुमच्या घरात असतानाही मला हेच ऐकायला मिळायचं. थांब, तो सुधारेल. थांब, त्याला समजेल. अकरा वर्षं थांबले होते, बाबा.

मला फायदाच होणार आहे असंही समजू नका. वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की माझा पगार कोर्टापुढे मांडावा लागेल. २०१७ला मी काही कमवत नव्हते, आता दिवसभर लोकांचे दाखले भरते आणि महिना चौदा हजार मिळवते. परिस्थिती बदलली की पोटगी बदलते, आणि ती दोन्हीकडे बदलते. त्याचा पगार वाढला तर वाढेल, माझा बघून उलट कमीही होईल. तरी मी अर्ज केला. दमले म्हणून केला.

टोपली परत पाठवते. चिकू किंजलने खाल्ले, मी नाही.

जागृती


घोलवड
१६ फेब्रुवारी २०२५

चि. जागृतीस,
आशीर्वाद.

नोटीस आली. भावेश घरी नव्हता म्हणून मी सही करून घेतली.

तू रागावलीस ते बरोबर आहे. मी आता थांब म्हणणार नाही. फक्त दोन गोष्टी वकीलबाईंना विचारून कळव. वाढ झाली तर ती कोणत्या महिन्यापासून धरतात? आणि वाढीव रकमेसाठी आमची सही पुन्हा लागते का, की जुनीच चालते?

अकरा हजारांपर्यंत निभेल. त्याच्या वर मागू नको, एवढी विनंती.

काशीनाथ


तलासरी
९ मार्च २०२५

ती. बाबांना,

मला खरं उत्तर हवं आहे, म्हणून सरळ विचारते.

वकीलबाईंनी कोर्टात लावण्यासाठी माझ्या खात्याचा चार वर्षांचा उतारा मागितला. मी आजवर पैसे आले का एवढंच बघायचे, कुठून आले ते बघत नव्हते. लोकांचे कागद मी ओळ न ओळ तपासते, आपला कधी उघडला नाही. काल रात्री जेवणं झाल्यावर मी आणि किंजल तो घेऊन बसलो. जून २०२२पर्यंत भावेशच्या वापीच्या खात्यातून रक्कम यायची. कधी नऊ तारीख, कधी सतरा, एकदा तर दोन महिन्यांची एकदम. जुलै २०२२पासून रोख भरणा. शाखा घोलवड. दर महिन्याची पाच तारीख. सुट्टी असली तर चार.

वापीत नोकरी करणारा माणूस दर पाचला सुट्टी काढून घोलवडला रोख भरायला येतो, हे किंजललाही पटलं नाही. ती म्हणाली, "आई, पप्पा एवढे वेळेवर कधी होते?"

मग तिनेच एक महिना दाखवला. गेल्या नोव्हेंबरात पाचला भरणा नाही. तेराला आहे. तुमचं जानेवारीचं पत्र मी पुन्हा काढून वाचलं. मोतीबिंदू, महिन्याची सुरुवात, आठ दिवस उंबरठा नाही.

बाबा, आमची सही पुन्हा लागते का, असं तुम्ही विचारलं होतंत. भावेशची लागते का, असं विचारलं नव्हतं. अकरा हजार निभेल म्हणालात. कुणाला निभेल? भावेश कुठे आहे?

मागच्या पत्रात मी जे लिहिलं त्याबद्दल नंतर बोलेन. आधी उत्तर द्या.

जागृती


घोलवड
१७ मार्च २०२५

चि. जागृतीस,
अनेक आशीर्वाद.

तू पतपेढीत असतीस तर मला एवढ्या चुका करता आल्या नसत्या.

भावेशची नोकरी जून २०२२ला सुटली. सुटली की सोडली ते त्याला माहीत. घरी येऊन चार दिवस झोपला आणि पाचव्या दिवशी म्हणाला, "पप्पा, ते पैशाचं आता मला नाय जमनार." मी म्हटलं, कोर्टात जाऊन तसं सांग. म्हणाला, "कोन जाईल." मग तो परत वापीकडे गेला. दारू आहेच. वर्षातून दोनदा येतो, हजार-दोन हजार मागतो, जातो.

जुलैच्या पाच तारखेला मी बँकेत गेलो.

हे तुला दान वाटू नये म्हणून सगळं सांगतो. काडीमोडाच्या कागदावर तुझ्या बाजूने तुझ्या भावाने सही केली होती आणि भावेशच्या बाजूने मी. आता वीस वर्षं मी लोकांना काय सांगत आलो? कर्जदार पळाला की जामीनदाराने भरायचं. सही करताना डोळे उघडे होते ना, मग आता रडू नको. झाईचा भिकू मेव्हण्याला जामीन राहिला होता. मेव्हणा गुजरातेत गेला तो गेलाच. वसुलीला भिकूच्या दारात मीच उभा राहिलो. त्याने मासेमारीची जाळी विकून हप्ते भरले, आणि त्या दिवशी मला चहाही पाजला. ज्याने भिकूला जाळी विकायला लावली त्याने स्वतःच्या सहीवर पाठ फिरवायची? मला ते जमलं नसतं.

पैसे कुठून आणले तेही सांगतो. विहिरीकडची बारा झाडं तुला आठवत असतील. ती तुझ्या सासूची. आमच्या घराण्यात सून आली की काही झाडं तिच्या नावाने वेगळी काढून देतात. त्यांच्या फळाचा पैसा तिचा, नवऱ्याने विचारायचं नाही. माझ्या आईची होती, मग हिरकणीची झाली, हिरकणीनंतर ती तुझीच व्हायची. ती गेली तोवर तू घर सोडलं होतंस. झाडांना मालकीण राहिली नाही. मी त्यांचा ठेका वेगळा देऊ लागलो आणि पैसा बँकेत नेऊ लागलो. अळी आली त्या महिन्यांत थोडी माझी भर घातली. अकरा हजार म्हणालो ते त्या हिशेबाने.

तुला का सांगितलं नाही, हे विचारशील. सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि किंजलची शाळा अडली असती. हे एक कारण. दुसरं, माझ्या मुलाने शब्द मोडला हे मला स्वतःच्या हाताने लिहवत नव्हतं. भरण्याच्या स्लिपवर मी भरणाऱ्याचं नाव भावेशचंच लिहायचो. तेवढ्यापुरता तो बरा मुलगा व्हायचा.

आता वाढ किती होईल ते कळव. झाडं कमी पडली तर बघू.

काशीनाथ


तलासरी
६ एप्रिल २०२५

ती. बाबांना,
सा. न.

तुमचं पत्र घेऊन मी वकीलबाईंकडे गेले. त्यांनी जुना कागद काढला. तुमच्या सहीच्या वर 'साक्षीदार' असं छापलेलं आहे. साक्षीदार म्हणजे या दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या, इतकंच. भावेश पळाला, बुडाला, काहीही झालं तरी हुकूम त्याच्यावर आहे, तुमच्यावर नाही आणि तुमच्या झाडांवरही नाही. वाढ झाली असती तरी तुम्हाला कुणी विचारलं नसतं. तेहतीस महिने तुम्ही जो भरणा केलात तो तुमच्याकडे कुणीच मागितला नव्हता. वकीलबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "यांनी एकदा तरी कुणाला विचारायचं होतं."

नोकरी गेली तेव्हा भावेशने कोर्टात जाऊन रक्कम कमी करून मागायची होती. त्याचं कारण खरं असतं तर कमी झालीही असती. पण मागितलंच नाही तर आकडा जागचा हलत नाही. परिस्थिती घरात बदलते, हुकूम कोर्टातच बदलतो, असं त्या म्हणाल्या.

तुम्हाला बोलायला मला तोंड नाही. का, ते आता ऐका. हे मी किंजललाही सांगितलेलं नाही.

इथल्या शाळेत ओंकार नावाचे शिक्षक आहेत, मूळचे चिंचणीचे. त्यांची बायको वारली होती. २०२२च्या दिवाळीत त्यांनी मला लग्नाचं विचारलं. माणूस शांत आहे, किंजलचं गणित तेच घ्यायचे. मला हो म्हणायचं होतं. पण कागदावर एक ओळ आहे, मी पुन्हा लग्न केलं तर पोटगी बंद. मी ती वाचली आणि धरून बसले की नऊच्या नऊ हजार जातील. किंजलचंही जाईल. दुसऱ्याच्या घरात मुलीच्या फीसाठी हात पसरायचा नव्हता. म्हणून त्यांना म्हटलं, किंजल बारावी होऊ दे. कारण सांगितलं नाही. पैशासाठी थांबलेय हे कोणत्या तोंडाने सांगू? त्यांना वाटलं, माझ्या मनात नाही. दोन वर्षं त्यांनी वाट पाहिली. पुढे विचारायचं सोडलं.

परवा वकीलबाईंना मी सहज म्हणून त्या ओळीचं विचारलं. त्या म्हणाल्या, लग्न केलं असतंत तर तुमची पोटगी बंद झाली असती. मुलीची कशी होईल? तुम्ही कुणाशीही लग्न केलं तरी बाप तिचा तोच. रक्कम मिळून लिहिली आहे, ती वेगळी करून घ्यायला एक अर्ज लागला असता.

एक अर्ज, बाबा. मी दिवसाला चाळीस भरते.

गेल्या डिसेंबरात ओंकार सर केंद्रात आले. रांगेत उभे राहिले, पुढे बोलावलं तरी आले नाहीत. नव्या बायकोचं नाव रेशन कार्डात चढवायचं होतं. अर्ज मीच भरला. फी घेतली, पावती दिली. मग जानेवारीत वाढीसाठी कोर्टात गेले. ज्या पैशासाठी एवढं सोडलं तो निदान पुरेसा तरी मिळावा, असं वाटलं.

तुम्ही भरत होता म्हणून मी लग्न केलं नाही. आणि मी लग्न केलं नाही म्हणून तुम्ही भरत राहिलात. ज्याचे पैसे समजून मी जपत होते त्याने तीन वर्षांत एक रुपया दिलेला नव्हता. रागवायचं तर कुणावर, तेच कळत नाही. रागवायचाही कंटाळा आलाय.

जागृती


घोलवड
२० एप्रिल २०२५

चि. जागृतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचवेना. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मी एक कार्ड टाकलं असतं की भावेश भरत नाही, तर तू वकिलाकडे गेली असतीस, आणि वकिलाने तुला ती दुसरी गोष्टही सांगितली असती. आज तू कुणाच्या तरी घरात असतीस. मुलाची अब्रू झाकली आणि तुझा संसार अडवला. बहात्तर वर्षांचा माणूस, आणि एवढी साधी गोष्ट समजली नाही. माफ कर असं लिहितो, पण त्याने काही होत नाही हे मला ठाऊक आहे.

परवा संदीपला घेऊन वापीला गेलो. दोन दिवस शोधलं. भावेश एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवतो, महिना दहा-अकरा हजार मिळतात म्हणतो. वाळलाय. मी त्याला सांगितलं, कोर्टात ये, आपल्या तोंडाने सांग. तो येतो म्हणाला.

निघताना त्याने विचारलं, "मग इतके दिवस कोन भरत होता?"

मी म्हटलं, "तू."

तो संदीपच्या टेम्पोपर्यंत माझी पिशवी घेऊन आला.

काशीनाथ


तलासरी
२२ जून २०२५

ती. बाबांना,
सा. न.

भावेश तारखेला आला होता. धुतलेला शर्ट घालून आला होता. किंजल त्याच्याशेजारी बाकावर बसली, दोघांनी मिळून एक समोसा खाल्ला. मी बाहेर उभी राहिले.

वाढीचा अर्ज मी मागे घेतला. दोघांनी मिळून नवा दिला. माझी पोटगी मी सोडली. मी कमवते, आणि ती आता मला नको आहे. किंजलचे वेगळे करून महिना साडेतीन हजार भावेशने द्यायचे, तिच्याच खात्यात. साहेबांनी त्याला विचारलं, जमेल का? तो म्हणाला, जमवतो. हुकूम पुढच्या तारखेला. जमवेल की नाही ते मला माहीत नाही, पण आता न जमलं तर ते त्याचंच न जमणं असेल.

नर्सिंगच्या फीसाठी इथल्या पतपेढीतून कर्ज मिळतंय. दोन जामीनदार लागले. तुम्हाला मुद्दाम विचारलं नाही.

आणि बाबा, जुलैच्या पाचला बँकेत जाऊ नका. झाडांचा पैसा स्वतःसाठी ठेवा. दुसरा डोळा राहिलाय, तो करून घ्या.

जागृती


घोलवड
७ जुलै २०२५

चि. जागृतीस,
अनेक आशीर्वाद.

पाचला पहिला शनिवार, बँक उघडी होती. तू नको म्हटलं होतंस, तरी गेलो. पैसे नेले नव्हते, तुझा शब्द मोडला नाही. सकाळी उठलो, अंघोळ केली, धुवट सदरा घातला, आणि रस्त्याला लागल्यावर आठवलं की काम नाही. तसाच पुढे गेलो. कॅशियर पोरीने मला बघून आपणहून स्लिप भरायला घेतली. मी म्हटलं, नको, ते खातं मिटलं. तिने विचारलं, मग आज काय काम काका? मी पंख्याखाली थोडा बसलो आणि परत आलो.

हिरकणी गेल्यापासून महिन्यात तो एकच दिवस असा होता की मला कुठे तरी पोचायचं असायचं. बागेत जातोच, पण बागेत पोचायला कुणाला सदरा लागत नाही. तुला पैसे पोचतात, तू बघतेस, एवढं डोक्यात असायचं. तू बघत नव्हतीस हे मार्चमध्ये कळलं. असो.

विहिरीकडची झाडं यंदा ठेक्याला दिली नाहीत. पिकलेलं वटवाघळं खातात. खाऊ देत.

एक मागतो. मागायचा मला हक्क नाही, कुठल्या कागदावर तसं लिहिलेलं नाही, आणि या वेळी मी आधीच विचारून घेतो आहे. महिन्यातून एकदा दोन ओळी लिहीत जा. काही नसलं तरी चालेल.

काशीनाथ


तलासरी
५ ऑगस्ट २०२५

ती. बाबांना,
सा. न.

आज पाच तारीख, म्हणून लिहिते.

विशेष काही नाही. केंद्रात दाखल्यांची गर्दी आहे, सर्व्हर तासातासाला बसतो आणि लोक माझ्यावर ओरडतात. किंजलचं नाव लवकरच यादीत लागेल असं म्हणतात. भावेशने पहिले साडेतीन हजार भरले. दोनदा मिळून भरले, पण भरले. ओंकार सर काल समोरून गेले, हातात भाजी होती. आम्ही दोघंही हसलो. घरी आल्यावर थोडं रडले. मग भात लावला.

रविवारी आम्ही दोघी घोलवडला येतो. चिकू उतरवायची जाळीची काठी काढून ठेवा. बारा झाडं वटवाघळांना द्यायची म्हणजे फारच झालं. सासूबाई असत्या तर तुम्हाला बोलल्या असत्या.

पुढच्या पाचलाही लिहीन, त्याच्या पुढच्याही. तुमचं उत्तर येवो न येवो. हे कोर्टात लिहिलेलं नाही, तेव्हा माझं किंवा तुमचं काहीही बदललं तरी ते कमी करून मागायला जागाच नाही.

तुमची
जागृती